शनिवारी जिथे थांबलो

५ सप्टेंबर, गुरुवार

घडलं ते, क्रमाने. मत नाही.

१. मंगळवारी पहाटे तोर्मोद शेवंडीचे पिंजरे उचलायला एकटाच गेला. बोट ‘डोलिना’. आईचं नाव. आई गेली त्या वर्षी त्याने स्वतः रंगवलं होतं.

२. उधाणाची भरती होती. बेटाच्या टोकाच्या पश्चिमेला अशा दिवशी पाणी एकमेकांवर धावून येतं. त्याला हे माहीत होतं.

३. सकाळी तो रेडिओवर शेजारच्या इव्हरकाकांशी बोलला. काका थोड्या अंतरावर आपले पिंजरे ओढत होते. तोर्मोद म्हणाला, “काका, तुमचे पिंजरे रिकामे का येतात माहितीये? शेवंडींनाही तुमची प्रार्थना लांब वाटते!” काकांनी उत्तर दिलं नाही.

४. दुपारी तो परतला नाही.

५. बचावबोट, हेलिकॉप्टर, गावातल्या सगळ्या बोटी. सापडलं ते: माशांचा एक क्रेट, दोन बोये, केबिनच्या छपराचा तुकडा.

६. आज संध्याकाळी शोध थांबवला. अधिकारी दारात टोपी हातात घेऊन उभा होता. बाबांनी त्याला आत बोलावून चहा दिला. तो कप हातात धरून बसला, प्यायला नाही.

७. तोर्मोद माझा धाकटा भाऊ. तो तळाशी आहे. समुद्राचा तळ मोजणं हे माझं काम आहे. म्हणजे आता हे काम माझं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

कंपनीने सर्वेक्षणाची बोट दिली. रविवार संपेपर्यंत. नंतर ती स्काय बेटावर केबलच्या कामाला जाणार, ते बदलता येत नाही. तिचा चालक रोरी, आमच्याच गावचा, तो चालवेल, मी स्कॅनर बघेन.

पद्धत सोपी आहे. बोटीमागे स्कॅनर ओढायचा. तो तळावर आवाज सोडतो, परत आलेल्या आवाजाचं चित्र पडद्यावर उतरतं. शेत नांगरतात तशा एकीशेजारी एक पट्ट्या घ्यायच्या. टोकापासून सुरुवात, पश्चिमेकडे सरकत जायचं.

घर माणसांनी भरलंय. चर्चच्या सभागृहातून बाकं आणून बैठकीच्या खोलीत मांडली आहेत. मयत घरात असेपर्यंत रोज संध्याकाळी उपासना, दफन झालं की बाकं परत. इथली रीत ही. पण मयतच नाही! बाकं कधी परत करायची हे कोणालाच सांगता येईना. लोक येतात, स्तोत्र गातात, चहा पितात, उद्या येतो म्हणतात.

शोनाग आत्या आई गेल्यापासून आमच्याकडेच असते. मला म्हणाली, “तुझ्या त्या यंत्राला माझा चष्मा दिसला तर घेऊन ये गं. गेल्या उन्हाळ्यात धक्क्यावरून पडलाय.” मग ॲप्रन तोंडावर धरून आत गेली.

७ सप्टेंबर, शनिवार

दिवसभर पट्ट्या. खडक, जुना नांगर, ट्रॅक्टरचा टायर. ‘डोलिना’ नाही. अंधार पडू लागला तेव्हा एक तृतीयांश भाग राहिला होता. हवामान: उद्या वारा नाही. सोमवारपासून वादळ.

बोट बांधताना रोरी म्हणाला, “मी येतो उद्या. पण तुझ्या बाबांनी हो म्हटलं तर. ते चर्चच्या मंडळीचे पंच आहेत, केनीना. मला याच गावात म्हातारं व्हायचंय.”

“आणि त्यांनी नाही म्हटलं तर?”

“तर म्हातारा होतो.”

घरी आले. आत्या उद्याचे बटाटे आजच सोलून ठेवत होती; रविवारी इथे कोणी कामाला हात लावत नाही. दोरीवरचे कपडे आत आले होते. बाबा चर्चचे बूट पुसत होते. मी कोट न काढताच सांगितलं.

“उद्या समुद्र शांत आहे. सोमवारी वादळ. बोट उद्यापर्यंतच आहे.”

“उद्या शब्बाथ.”

“थोडंच राहिलंय, बाबा.”

“ऐकलं मी.”

“बैल विहिरीत पडला तर शब्बाथीसुद्धा काढतात. बायबलातलं तुम्हीच शिकवलंत.”

ब्रश थांबला. “बैल जिवंत होता.”

“मर्डो!” आत्या ओरडली. सुरी बटाट्यातच राहिली.

बाबा तिच्याकडे न बघता माझ्याशी बोलले, अगदी हळू. “मला माझा मुलगा वर यायला नको आहे असं वाटतं का तुला? तो मेलाय. देवाजवळ आहे. दोन दिवस उशीर झाला म्हणून त्याचं काही बिघडत नाही. आज्ञा मोडली तर आपलं बिघडतं.”

“माझं आजच बिघडलंय.”

त्यांनी दुसरा बूट घेतला.

८ सप्टेंबर, रविवार

वारा शून्य. समुद्र आरसा. चर्चच्या डाव्या बाजूच्या खिडक्यांतून सगळा दिसतो. कोणी मान वळवली नाही. सगळ्यांनी पाहिला.

९ सप्टेंबर, सोमवार

नैर्ऋत्येचं वादळ. फेरी रद्द. रोरी वाऱ्याच्या आधी बोट घेऊन स्कायला निघाला, पण रात्री बाराचा ठोका पडून रविवार संपल्यावरच. आदल्या मिनिटालाही नाही. तोही!

मी पडद्यावरची सगळी चित्रं पुन्हा पाहिली. शेवटच्या पट्टीच्या कडेला तळ उतरत जातो. पुढे पांढरं. न मोजलेलं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

बाकं अजून खोलीतच.

या आठवड्यात ऐकलेलं: “देवाचे लाडकेच आधी भट्टीत जातात.” “चांगलं फूल मालक आधी तोडतो, बाळ.” “यामागे त्याची काहीतरी योजना असणार.” “माझ्या मावशीच्या मुलाचंही असंच...”

भट्टी, फूल, योजना. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. कामावर असा अहवाल दिला असता तर साहेबाने तोंडावर परत फेकला असता. पण ही माणसं रोज वारा कापत येतात. काल कोणीतरी आमचं जळणाचं पीट घराशी आणून रचून गेलं. कोण, ते विचारलं तर कोणी कबूल होत नाही. हे दोन्ही खरं आहे. एकत्र कसं बसवायचं मला कळत नाही.

इव्हरकाका रोज येतात. शेगडीजवळच्या शेवटच्या बाकावर बसतात, काही समजावत नाहीत. त्यांचे दोन भाऊ एकाच हिवाळ्यात बुडाले होते. आज सगळे गेल्यावर मी विचारलं.

“काका, हे देवाच्या माणसांवरच का येतं?”

“देवाच्याच का गं, सगळ्यांवर. उधाण काय मंडळीची यादी बघून येतं?”

“मग विश्वासाचा उपयोग काय?”

“ते कळलं असतं तर पाळक झालो असतो. घर तरी बरं मिळालं असतं.” मग कप खाली ठेवला. “भाऊ गेल्यावर दोन वर्षं मी प्रार्थना केली नाही. एक शब्द नाही. आई करायची, मी शेजारी बसायचो. दात आवळून. मला कोणी ऊठ म्हटलं नाही. राग घेऊन बसायला मला दुसरी जागाच नव्हती, केनीना. दारूचं दुकान सोडलं तर.”

आत्या आतून म्हणाली, “तिथंही बसलायस की!”

“बसलोय. तिथं बिल येतं.”

१५ सप्टेंबर, रविवार

बाबांची कॉलर सैल झालीये. आज ते उजव्या बाजूला बसले, भिंतीकडे.

१८ सप्टेंबर, बुधवार

रोरी एका दिवसासाठी बोट घेऊन आला. शनिवारी जिथे थांबलो होतो तिथूनच सुरुवात केली.

पहिल्याच पट्टीत.

आधी सावली दिसली, मग बोट. उजव्या कुशीवर पडलेली, नाक किनाऱ्याकडे. लांबी जुळते. मागच्या बाजूला पिंजऱ्यांच्या दोरीचा गुंता. बहुधा दोरी पंख्यात अडकली, बोट आडवी झाली, पाण्याने लोटली. बहुधा. केबिनचं दार तळाच्या बाजूला आहे. तोर्मोद आत आहे की नाही हे स्कॅनर सांगू शकत नाही.

रोरीने इंजिन मंद केलं. “पुढचीच पट्टी होती गं,” म्हणाला. मग, “तुझ्या बाबांना हे सांगू नकोस.”

मी जागा नोंदवली. पोलिसांना कळवलं. हात स्थिर होते. ते का होते मला माहीत नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

उपासाचा गुरुवार. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचा, आठवडा सुरू झाला. वर्षातून दोनदाच येतो. दुकानं बंद, शाळा बंद, गल्लीत फक्त काळे कोट. रविवारी मेज मांडतील. बाबा आणि इव्हरकाका भाकर आणि प्याला फिरवतील, दर वेळी फिरवतात तसा.

दुपारी रोरीचा फोन. सरकारी पाणबुडे येतील, पण दुसरीकडे अडकले आहेत, तीन आठवडे तरी धरा. तोवर शरदातली वादळं सुरू होतील, तळ घुसळून निघेल. मग बोट तिथे असेल, पण तिच्यात काही उरेल असं मी लिहून देणार नाही. बेटावर दोन खासगी पाणबुडे आहेत, मत्स्यशेतीच्या जाळ्यांवर काम करणारे. पोलिसांची हरकत नाही. त्यांना सुट्टी एकच असते: रविवार. या रविवारी भांगाचं पाणी आहे, प्रवाह मंद. पुढच्या रविवारी पुन्हा उधाण. म्हणजे हाच रविवार.

प्रभुभोजनाचा रविवार!

“मी बोट घेऊन येतो,” रोरी म्हणाला. “पण माझी अट तीच आहे. उलट या रविवारी जास्तच. आणि त्या दोघांना शनिवारी दुपारच्या आत नक्की सांगावं लागेल.”

मी म्हटलं, बाबांना मी विचारणार नाही. एकदा उत्तर मिळालंय.

पण पट्टीचं बाबांना सांगितलं. संध्याकाळी उपासना संपल्यावर, रिकाम्या बाकांमध्ये. ते शेवटचं बाक सरळ करत होते.

“बोट सापडली.”

ते बाकावर बसले. “कुठे?”

“शनिवारी जिथे थांबलो होतो, त्याच्या पुढच्याच पट्टीत. रविवारी गेलो असतो तर निघाल्याबरोबर सापडली असती. तेव्हा पाणी स्वच्छ होतं. पाणबुडे त्याच दुपारी उतरू शकले असते.”

सगळं खरं होतं. एक शब्द वाढवला नाही. आणि प्रत्येक शब्द लागावा म्हणूनच बोलले.

बाबांनी मान हलवली, दोनदा. “सांगितलंस ते बरं केलंस.” मग उठायला लागले, पण हात बाकाच्या पाठीवर ठेवून तसेच थांबले. मी मदत केली नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

प्रश्नाचा शुक्रवार. या दिवशी प्रवचन नसतं. जुन्या पंचांपैकी एक जण उठून प्रश्न मांडतो आणि पाळक नावं घेऊन माणसांना उभं करतात. पुस्तकातलं चालत नाही, स्वतःवर गुदरलेलं सांगायचं. पुरुषच बोलतात. बायकांना विचारत नाहीत. मला काही बोलायचंही नव्हतं. मी आत्याशेजारी बसले कारण ती एकटी बसली असती.

प्रश्न इव्हरकाकांनी मांडला. उभे राहिले, घसा खाकरला. “देवाच्या माणसावर दुःख येतं आणि दुसऱ्यावरही येतं. लाट तीच असते. मग त्या लाटेखाली देवाचा माणूस ओळखायचा कसा? खूण काय?” आणि बसले. प्रार्थनेत त्यांना आवरत नाही, पण हे एवढंच बोलले.

पहिला माणूस शेजारच्या गावचा. भट्टी आणि चांदी. छान बोलला. आत्या माझ्या कानात म्हणाली, “याच्या गाईला सर्दीसुद्धा झाली नाही कधी.” दुसरा होड्या बांधणारा म्हातारा. त्याची बायको नऊ वर्षं अंथरुणाला होती. “मला खूणबिण कळत नाही. मी रोज सकाळी म्हणायचो, आजचा दिवस तू बघ, मला जमणार नाही. रात्री बघायचो तर दिवस गेलेला असायचा. कसा, ते त्यालाच ठाऊक.” बसला.

मग पाळक म्हणाले, “मर्डो मॅकफेल.”

आत्याचा हात माझ्या मनगटावर आला. दुःखात असलेल्या माणसाला बोलावत नाहीत असं नाही, पण नाही म्हणायची मुभा असते. नुसती मान हलवली तरी चालतं. बाबा उठले.

“मला या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही,” ते म्हणाले. वाटलं, आता बसतील. बसले नाहीत. “आठ तारखेला समुद्र कसा होता तुम्ही सगळ्यांनी पाहिलात. माझ्या मुलीनं मला आदल्या दिवशी विचारलं होतं. मी नाही म्हटलं. वाटलं, आज्ञा पाळतोय. काल कळलं, तो पुढच्याच पट्टीत होता.”

कोणीतरी खोकलं.

“काल रात्री मी देवाला विचारलं, मी तुझं ऐकलं होतं की यांच्या डोळ्यांना भ्यालो होतो?” त्यांनी पंचांच्या बाकाकडे बोट दाखवलं, जिथे त्यांची स्वतःची जागा रिकामी होती. “तो सांगत नाही. तोर्मोदला का नेलं, तेही सांगत नाही. मी त्याला काय काय बोललो ते या छताखाली उच्चारता येणार नाही. कुत्र्यालाही कोणी तसं बोलत नाही.” त्यांनी पुढच्या बाकाची पाठ धरली. “पण तो उठून गेला नाही. मी बोलत होतो आणि तो होता. खूण विचारतोस ना, इव्हर? देवाच्या माणसाची खूण मला माहीत नाही. देवाची एक माहीत झाली. मोडलेल्या माणसाजवळून तो उठत नाही. एवढंच आहे माझ्याकडे.”

बसले.

पाळकांनी पुढचं नाव घेतलं नाही. स्तोत्राची ओळ आधी गाऊन देणारा उभा राहिला, त्यालाही सूर लागायला वेळ लागला.

मी हे नोंद म्हणून लिहिते. रिकामा तळ कसा दिसतो ते मला माहीत आहे: एकसारखा करडा, कडेपासून कडेपर्यंत. काल रात्री भिंतीपलीकडून मी बाबांचा आवाज ऐकला होता. शब्द नाही, नुसता आवाज. तो रिकाम्या खोलीत बोलणाऱ्या माणसाचा नव्हता. मध्ये थांबत होता. ऐकायला थांबतात तसा. हे मोजमाप नाही. पण ऐकलं ते ऐकलं.

बाहेर इव्हरकाका फाटकाजवळ थांबले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तोर्मोद रेडिओवर ते बोलला ना, तेव्हा मला हसू आलं होतं. खूप. बटण दाबून हसायचं राहून गेलं. पंचानं रेडिओवर हसायचं नसतं म्हणून.”

“त्याला माहीत असणार, काका.”

“असेल. ऐकवायला हवं होतं.” टोपी घातली. “रोरीनं मला रविवारचं सांगितलंय. तू बाबांना विचारलंस?”

“नाही. विचारणार नाही.”

“आता कशाला नाही?”

“त्यांनी आज जे सांगितलं त्यानंतर ते माझ्यासाठी हो म्हणतील. मला तसं हो नको आहे.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, मला वाटतं. “बापासारखीच आहेस. चांगलं म्हणून नाही सांगत.” आणि ते आमच्या घराकडे चालायला लागले, माझ्या पुढे.

त्याच दिवशी, संध्याकाळ

मी विचारलं नाही. इव्हरकाकांनी बाबांना रविवारचं सांगितलं, दोघं पाळकांकडे जाऊन आले, आणि मग बाबाच स्वयंपाकघरात येऊन पाणबुड्यांना कळवायचं कोणी, असं म्हणाले. पाठवलेला निरोप, जसाच्या तसा:

“काम: बुडालेल्या ‘डोलिना’ बोटीची केबिन उघडणे, माझा भाऊ आत असल्यास त्याला वर आणणे. जागा आणि खोली सोबतच्या नकाशात. दिवस: रविवार, २२ सप्टेंबर, ओहोटीनंतर पाणी थबकेल तेव्हा. बोटीवर रोरी, मी, माझे वडील आणि इव्हर मॅकआयव्हर. शेवटचे दोघे मंडळीचे पंच आहेत. त्या वेळी त्यांची जागा प्रभुभोजनाच्या मेजाजवळ असते. ती जागा रिकामी राहील हे त्यांनी आज पाळकांना स्वतः जाऊन सांगितलं आहे. तुम्ही पाण्यात उतरण्याआधी इंजिन बंद करून प्रार्थना होईल. तो वेळ मी योजनेत धरला आहे, तुम्हीही धरावा. त्या प्रार्थनेत मीही असेन. होकार किंवा नकार, शनिवारी दुपारपर्यंत कळवावा. — केनीना मॅकफेल.”